हसली की पडते: फोंड्यातली एक केस आणि झोपेची पेप्टाइड्स

मुलीचं नाव बदललंय, गाव सांगत नाही, आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय. मी डॉक्टर नाही, गोव्यात फोंड्याला फार्मसी आहे माझी, त्यामुळे हे काउंटरच्या अलीकडून दिसलेलं प्रकरण आहे. हल्ली पेप्टाइड्स म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांबद्दल विचारणारे बरेच येतात, कोणाला गाढ झोप हवी, कोणाला फोकस, कोणाला दोन्ही, आणि सगळ्यांनी तेच चार व्हिडिओ बघितलेले असतात, म्हणून म्हटलं एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून टाकावी.

शर्वाणी म्हणू तिला. वय १९, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज कदंबाच्या बसने पणजीला जाऊन येऊन. तिचा दादा वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, हुशार पोरगा, कुठलीही गोष्ट करायची तर आधी रात्रभर वाचत बसणारा. तो दुकानात आला आणि इन्सुलिनच्या सिरिंजा आणि इंजेक्शनचं पाणी मागितलं. मी विचारलं, घरात शुगर कोणाला आहे रे? म्हणाला, "कोणाला नाही ताई, बहिणीसाठी हवंय, तिच्या झोपेचं आहे." झोपेसाठी सिरिंज म्हटल्यावर मी पाणी काढायची थांबले आणि म्हटलं काय आणलंयस ते दाखव.

पिशवीतून दोन छोट्या काचेच्या व्हायल निघाल्या, तळाला पांढरी पावडर, वडीसारखी चिकटलेली, आणि एक नाकात मारायचा स्प्रे, तो अर्धा संपलेला. व्हायलवर लिहिलेलं डीएसआयपी, स्प्रेवर सेमॅक्स. खाली बारीक अक्षरात "रिसर्च यूज ओन्ली, नॉट फॉर ह्युमन कंझम्प्शन". बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, एक्स्पायरी नाही, बॅच नंबरच्या जागी नुसता क्यूआर कोड. आपल्याकडे साधी पॅरासिटामॉलची स्ट्रिप उलटी करून बघा, कंपनी, पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, तारखा सगळं छापलेलं असतं, कारण कायद्याने ते छापावंच लागतं. इथे त्यातलं एकही नाही आणि ही वस्तू म्हणे टोचून घ्यायची.

दादाने लगेच मोबाईलवर सर्टिफिकेट दाखवलं, शुद्धता ९९ टक्के. हे सर्टिफिकेट सगळेच दाखवतात म्हणून इथे जरा थांबते. तो ९९ चा आकडा एचपीएलसी नावाच्या चाचणीतला, म्हणजे नमुन्यात जेवढं पेप्टाइडसारखं काही दिसलं त्यातलं ९९ टक्के एकाच प्रकारचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात जंतू आहेत का, जंतूंच्या कवचाचं विष म्हणजे एंडोटॉक्सिन आहे का, पावडरीत खरं पेप्टाइड किती आणि क्षार-पाणी किती, ह्यातलं त्या आकड्यातून काहीच कळत नाही. आणि तो कागद ह्याच बाटलीचा आहे हे तरी कशावरून? टोचायच्या औषधात शुद्धतेइतकंच निर्जंतुक असणं महत्त्वाचं, आणि त्याबद्दल तो कागद एक शब्द बोलत नाही.

सिरिंजा मी दिल्या नाहीत. पण नुसतं नाही म्हणून पाठवलं असतं तर तो दुसऱ्या दुकानात गेला असता, म्हणून बसवलं आणि विचारलं की नक्की होतंय काय तिला.

तर हकीकत अशी. बारावीच्या वर्षापासून पोरगी दिवसा झोपते. वर्गात झोपते, जेवताना झोपते, एकदा हातात पेन असताना लिहिता लिहिता झोपली आणि वहीवर अक्षरं घसरत घसरत नुसत्या रेघा झाल्या, ते पान आईने ठेवलंय. बसमध्ये तर रोजचंच, पणजीचा स्टँड येऊन गेला तरी कंडक्टरने उठवल्याशिवाय जाग नाही. दहा-पंधरा मिनिटं झोपली की ताजी होते आणि दोन तासांनी परत तेच. त्याच वर्षी वजन आठ-नऊ किलो वाढलं, खाणं काही फार बदललं नव्हतं तरी. आणि गंमत म्हणजे रात्री नीट झोप नाही, दर तासा-दीड तासाने जाग, भयंकर स्वप्नं, कधी जाग आली तरी हातपाय हलत नाहीत आणि खोलीत कोणीतरी उभं आहे असं स्पष्ट दिसतं. आजी म्हणाली देवचार म्हणजे भूत दिसतं पोरीला. गावच्या देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. एका डॉक्टरने थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह केलं, सगळं ठीक. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की रात्री मोबाईल बघते म्हणून दिवसा झोपते, झालं. दोन वर्षं पोरीने आळशी, झोपाळू, कुंभकर्ण हे ऐकून घेतलं.

दादाला एवढं श्रेय द्यायलाच हवं की तो घरात एकटा होता जो म्हणत होता की हिला काहीतरी आजार आहे. फक्त उपाय त्याने स्वतः शोधला: दिवसासाठी सेमॅक्स, रात्रीसाठी डीएसआयपी, आणि पुढच्या ऑर्डरमध्ये एपिटॅलॉन येणार होतं.

आता ही पेप्टाइड्स आहेत काय ते. अमिनो अ‍ॅसिडची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, मोठी झाली की तिला प्रोटीन म्हणतात, मधली रेघ काही पक्की नाही. इन्सुलिन ५१ अमिनो अ‍ॅसिडचं, ऑक्सिटोसिन नऊचं. तोंडाने घेतलं तर पोटात बहुतेक पेप्टाइड्स डाळीतल्या प्रोटीनसारखी पचून जातात, म्हणून टोचायची किंवा नाकातून द्यायची भानगड. आणि हो, मेलाटोनिन पेप्टाइड नाही, ते एकाच ट्रिप्टोफॅनपासून बनणारं छोटं रसायन आहे, लोक दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

डीएसआयपीची गोष्ट खरंच मजेशीर आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला मोनिए आणि शोएनेनबर्गर ह्यांच्या टीमने सशांच्या मेंदूतल्या थॅलॅमसला विजेचे सौम्य झटके देऊन त्यांना झोपवलं, त्या झोपलेल्या सशांच्या मेंदूकडून येणारं रक्त घेतलं, त्यातून एक अंश वेगळा काढला आणि तो दुसऱ्या जाग्या सशांना दिला तर त्यांच्या ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, गाढ झोपेच्या डेल्टा लहरी वाढल्या. १९७७ मध्ये त्या नऊ अमिनो अ‍ॅसिडची रचना छापून आली. नाव पडलं डेल्टा स्लीप इंड्युसिंग पेप्टाइड, आणि एवढं झकास नाव असलं की माल आपोआप विकला जातो. पण पुढे काय झालं? इतक्या वर्षांत त्याचं जनुक सापडलं नाही, ते मेंदूत कुठल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या कुठल्या कुलपाला, जाऊन बसतं ते सापडलं नाही, रक्तात ते काही मिनिटांतच तुटतं. ऐंशीच्या दशकात माणसांवर छोटे प्रयोग झाले, काहींत बरं दिसलं. १९९२ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या १६ रुग्णांवर डबल ब्लाइंड प्रयोग झाला, म्हणजे खरं औषध कोणाला आणि नकली कोणाला हे डॉक्टर-पेशंट दोघांनाही माहीत नसतं तसा, झोप थोडी लवकर लागली, थोडी सलग झाली, पण फरक इतका किरकोळ की करणाऱ्यांनीच लिहिलं, ह्याचा उपचार म्हणून मोठा फायदा होईल असं वाटत नाही. माझ्या मते डीएसआयपीबद्दल सगळ्यात बोलका पुरावा हाच की जगातल्या औषध कंपन्या झोपेच्या गोळीसाठी जीव टाकतात आणि चाळीसपेक्षा जास्त वर्षं समोर पडलेली ही वस्तू कुठल्याही मोठ्या कंपनीने झोपेचं औषध म्हणून बाजारात आणली नाही.

सेमॅक्सचं जरा वेगळं. ते रशियात मॉस्कोच्या मॉलिक्युलर जेनेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालं. एसीटीएच नावाच्या हॉर्मोनचा चार अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा घेतला आणि त्याला मागे प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन असं शेपूट लावलं, म्हणजे ते लवकर तुटत नाही. तिथलंच दुसरं पेप्टाइड सेलँक, त्याची रेसिपीही तीच, फक्त पुढचा तुकडा टफ्ट्सिन नावाच्या वेगळ्या पेप्टाइडचा, शेपूट सेम. सेमॅक्स रशियात नाकात घालायचे थेंब म्हणून रीतसर औषध आहे, स्ट्रोकच्या पेशंटना देतात. त्यामुळे हा निव्वळ बनाव आहे असं मी म्हणणार नाही. पण अभ्यास बहुतेक रशियातलेच, इतर देशांत ते मोठ्या प्रमाणावर तपासून बघितलेलं नाही, आणि स्ट्रोकच्या पेशंटवरून एकोणीस वर्षांच्या पोरीवर उडी मारायला आधार काय? एपिटॅलॉन तर चारच अमिनो अ‍ॅसिडचं, सेंट पीटर्सबर्गच्या खाविन्सनच्या लॅबमधून आलेलं, पिनियल ग्रंथीचं नाव घेऊन विकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये ही अशी बरीच पेप्टाइड्स, डीएसआयपी आणि सेमॅक्स धरून, फार्मसीत मिसळून देण्याच्या बाबतीत सुरक्षिततेची शंका असलेल्या यादीत टाकली, मुख्य कारणं अशुद्धी आणि शरीराने त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवण्याची भीती.

हे सगळं सांगून झालं तर दादा म्हणाला, "पण ताई, स्प्रेने थोडा फरक वाटतोय." मी विचारलं, फरक कोणाला वाटतोय, तुला की तिला? गप्प झाला. म्हणाला तिला नाकात जळजळ होते फक्त.

मग जाता जाता त्याने जी गोष्ट सांगितली ती त्याच्या दृष्टीने वेगळीच होती, झोपेशी संबंध नसलेली. म्हणाला हिला अशक्तपणापण खूप आहे, हसली तरी पडते. म्हटलं म्हणजे काय? तर गावच्या जात्रेला रात्री नाटक होतं, आपल्याकडे जात्रा म्हणजे गावातल्याच पोरांचं मराठी नाटक आलंच, आणि विनोदी प्रवेशात ह्यांच्याच चुलत भावाची मिशी सुटली आणि सगळा मांडव हसायला लागला. शर्वाणीने हसता हसता आधी मान टाकली, जबडा लोंबला, बोलायला गेली तर शब्द विरघळल्यासारखे, आणि मग गुडघ्यातून दुमडून खुर्चीवरून खाली. लोक धावले, कोणी कांदा आणला, कोणी चप्पल. मिनिटाच्या आत उठून बसली. नंतर तिला मी स्वतः विचारलं तेव्हा म्हणाली मला सगळं ऐकू येत होतं, कांदा कोणी आणला तेपण माहीत आहे, फक्त "पांयांतलें बळूच वता". आईने ओरडल्यावर होत नाही, जोरात हसली की होतं, कधी मैत्रिणीने अचानक मागून येऊन मिठी मारली की. एका ठिकाणी फिट म्हणून ईईजी काढला होता, नॉर्मल आला, तरी फिटची गोळी चालू केली होती, ती हिने महिन्याभरात स्वतःच सोडली.

फिट येऊन असं कोसळलेल्या माणसाला सहसा कांदा कोणी आणला ते सांगता येत नाही. शुद्ध शाबूत, हसण्याने सुरू, पायातलं बळ जातं आणि लगेच परत येतं, ह्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात आणि दिवसाच्या न आवरणाऱ्या झोपेबरोबर ती असेल तर एकच आजार डोक्यात यायला हवा, नार्कोलेप्सी. मी निदान केलं नाही, ते माझं काम नाही, मी एका कागदावर ह्या सगळ्या गोष्टी तारखांसकट लिहून दिल्या आणि म्हटलं न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि जाऊन "झोप येते" एवढंच सांगू नको, नाटकाची गोष्ट पहिली सांग. स्प्रे बंद कर आणि किती दिवस मारला तेही सांग, लपवू नको.

न्यूरोलॉजिस्टने पुढे पाठवलं, मुंबईला स्लीप लॅबमध्ये दोन दिवस. रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपेचा अभ्यास, आणि दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपायची संधी द्यायची आणि किती मिनिटांत झोप लागते ते मोजायचं. सरासरी आठ मिनिटं किंवा त्याहून कमी आणि निदान दोन वेळा झोप लागल्यावर पंधरा मिनिटांच्या आत स्वप्नांची म्हणजे आरईएम झोप, हा निकष. आपल्याला आरईएम यायला साधारण तास-दीड तास लागतो. शर्वाणी प्रत्येक वेळी पाच मिनिटांच्या आत झोपली आणि बहुतेक वेळा सरळ स्वप्नात. खोलीत उभा राहणारा देवचार तो हाच, डोळे उघडे आणि स्वप्न अजून चालू, आणि आरईएममध्ये शरीर मुळातच ढिलं पडलेलं असतं म्हणून हातपाय हलत नाहीत. आजीला हे समजावायला दादाला बराच वेळ लागला. आजीचं म्हणणं शेवटपर्यंत एवढंच की देवाने कौल उजवा दिला म्हणूनच डॉक्टर बरोबर मिळाला. असू दे.

आणि इथेच ह्या केसमधली सगळ्यात मोठी गंमत, किंवा वाईट वाटण्यासारखी गोष्ट म्हणा. टाइप वन नार्कोलेप्सी, म्हणजे कॅटाप्लेक्सीसकटची, हा आजारच मुळात एका पेप्टाइडच्या कमतरतेचा आहे. ऑरेक्सिन त्याचं नाव, हायपोक्रेटिनपण म्हणतात कारण १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमना ते एकाच वेळी सापडलं आणि दोघांनी आपापलं नाव दिलं. ऑरेक्सिन ए ३३ अमिनो अ‍ॅसिडचं, बी २८ चं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये साधारण सत्तर हजार पेशीच फक्त ते बनवतात, अब्जावधी पेशींच्या मेंदूत एवढ्याच, आणि जागं राहायचं काम त्यांच्यावर. १९९९ मध्ये स्टॅनफर्डच्या मिन्यो ह्यांच्या टीमने नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन आणि लॅब्रडॉर कुत्र्यांत ऑरेक्सिनच्या रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं दाखवलं, ती कुत्री आवडीचं खाणं दिसलं की आनंदाने कोलमडायची. माणसांत २००० मध्ये कळलं की रिसेप्टर ठीक असतो, ते बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात, नव्वद टक्क्यांच्या आसपास. बहुधा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यांना मारते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर फिनलंड, स्वीडनमध्ये एका विशिष्ट लसीनंतर मुलांमध्ये केसेस वाढल्या होत्या, तेव्हापासून हा संशय आणखी घट्ट झाला.

म्हणजे पोरीच्या मेंदूत एक पेप्टाइड कमी आणि दादा भलतीच दोन पेप्टाइड्स घालायला निघाला होता. त्याचा पुढचा प्रश्न अर्थातच, मग ऑरेक्सिनची व्हायल मिळते का? मिळेलही विकणाऱ्याकडे, ते काय नाही विकत! पण रक्तात टोचलेलं ऑरेक्सिन मेंदूपर्यंत कामापुरतं पोचत नाही. नाकातून देऊन जर्मनीत मोजक्या पेशंटवर छोटे प्रयोग झालेत, आरईएमवर थोडा परिणाम दिसला, पण त्यातून औषध काही निघालं नाही. खरा रस्ता वेगळा निघाला, पेप्टाइड नाहीच, त्याच रिसेप्टरचं बटण दाबणारी साधी गोळी. टाकेडा कंपनीचा एक प्रयत्न, टॅक ९९४, कॅटाप्लेक्सी आणि झोप दोन्हीवर भारी चालला पण काही पेशंटच्या लिव्हरला बाधा झाली म्हणून प्रयोग मध्येच थांबवला. त्यानंतरचं ओव्हेपोरेक्सटॉन, त्याच्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल चांगले आल्याचं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं. उलट बाजूने, ज्यांना झोप येत नाही त्यांच्यासाठी हेच बटण बंद करणाऱ्या गोळ्या निघाल्यात, सुव्होरेक्सन्ट २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. झोपेच्या पेप्टाइडवरचं ठोस काम बघायचं तर ते हे आहे, आणि त्यात पेशंटच्या हातात कुठेही व्हायल आलेली नाही.

लिव्हरची बाधा प्रयोगात कळली कारण तिथे दर थोड्या दिवसांनी रक्त तपासणारं कोणीतरी होतं. घरी बाथरूमच्या आरशासमोर टोचून घेणाऱ्याचं रक्त कोण तपासतं?

सध्या शर्वाणीला सकाळी मोडाफिनिल चालू आहे आणि कॅटाप्लेक्सीसाठी कमी डोसमध्ये व्हेनलाफॅक्सिन. हे दुसरं डिप्रेशनचं औषध म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे चिठ्ठी बघून आई घाबरली होती, तिला सांगावं लागलं की हे आरईएम दाबतं म्हणून दिलंय. दोन गोष्टी मी प्रत्येक वेळी पाकिटावर पेनाने लिहून देते. व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडायचं नाही, गोळ्या संपायच्या आधी चार दिवस यायचं, कारण एकदम तोडलं तर कॅटाप्लेक्सी उसळून परत येते, एकामागोमाग एक झटके येऊ शकतात. आणि मोडाफिनिल चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे आज लागू नसलं तरी पोरीला माहीत असावं, आईसमोर सांगितलं, आईने छताकडे बघितलं, चालायचंच. अंगावर पुरळ आलं तर मोडाफिनिल थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

गोळ्यांइतकाच फरक दुपारच्या झोपेने पडलाय. डॉक्टरने दिवसातून दोनदा वीस मिनिटांची झोप लिहून दिली, कॉलेजने लेडीज रूममध्ये सोय केली, परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला. पूर्ण बरी झाली असं नाही, ह्या आजारात गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण वर्गात तासभर जागी असते, आणि हसते, आधी हसू नये म्हणून मैत्रिणींपासून लांब बसायची ते बंद झालं. व्हायल दादाने परत केल्या, पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

भांडण आता स्कूटरवरून आहे. तिला कॉलेजला स्कूटरने जायचंय, डॉक्टर म्हणतात अजून नाही, लक्षणं ताब्यात आहेत हे परत तपासून मग बघू. दादा तिच्या बाजूने, आई विरुद्ध, आणि दोघंही औषधं न्यायला आले की मला पंच करतात. फोंडा-पणजी रस्त्यावरचे ट्रक बघता मी आईच्या बाजूने आहे आणि तसं सांगितलंय, त्यामुळे सध्या शर्वाणी माझ्याशी बोलत नाही, गोळ्या दादाच नेतो.